सेकंड बेसवरचा ग्लव्ह

आमच्या घरात चामड्याची वस्तू देवाजवळ जाणं तर सोडाच, स्वयंपाकघराचा उंबरठाही ओलांडत नसे. मिशिगनमधल्या त्या भाड्याच्या घराला उंबरठा नव्हताच, आईनं तो मनात आखून घेतला होता. बूट, पट्टे, बाबांची ऑफिसची बॅग, सगळं गॅरेजमध्ये. बाबांचं पाकीट चामड्याचंच होतं, पण ते खिशात असे आणि खिशात काय आहे हे आई विचारत नसे. सोवळं असंच असतं, जिथं फार अडचण होईल तिथं ते डोळे मिटून घेतं. माझ्या बाबतीत मात्र त्यानं डोळे चांगले उघडे ठेवले होते. बाबांच्या लॅबमधल्या एका माणसानं आपल्या मुलाचा जुना बेसबॉलचा ग्लव्ह मला दिला, तेव्हा तो हातात धरून आईनं विचारलं, "कशाचं आहे हे?" बाबा संशोधक, खोटं बोलायचं त्यांना सुचतच नसे. त्यांनी आतलं लेबल चष्मा वर करून मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं ग्लव्ह खाली टाकला. "गाईचं? बाप्पा! घरात नाही म्हणजे नाही." त्या दिवसापासून तो गॅरेजमध्ये खिळ्यावर लटकला, बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी, आणि पुढची दोन वर्षं आईच्या तोंडी त्याचं नाव 'कातडं' होतं.

आम्ही नागपूरहून गेलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. हे सगळं घडलं तेव्हा अकरा. आता मला नातवंडं आहेत आणि ती मला विचारतात की तू इतकी भांडकुदळ कशी. त्यांना मी सांगते की मी भांडत नाही, मी फक्त उभी असते तिथून हलत नाही. हे मी कुणाकडून शिकले ते या प्रकरणात लिहायचं आहे.

शेजारच्या घरात एक म्हातारे गृहस्थ एकटे राहत. मिस्टर हॅलोरन. आईनं पहिल्याच आठवड्यात त्यांना 'आजोबा' करून टाकलं, कारण एवढ्या वयाच्या माणसाला दुसरं काही म्हणणं तिला जमलंच नसतं. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण ते 'आजोबा'ला लगेच ओ देऊ लागले. उन्हाळाभर ते पोर्चवर रेडिओ लावून बसत. रेडिओवर बेसबॉल, मधूनच गर्दीचा गलका, आणि आमच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी. शिट्टी झाली की ते मान वर करून म्हणत, "जा, तुझी अंपायर बोलावतेय." त्यांच्या हातांकडे मी आधी बघायचंच टाळत असे. एकही बोट सरळ नव्हतं. आडव्यातिडव्या काड्यांची जुडी असावी तसे ते हात होते. आईनं ते पाहून त्यांना हळदीचा लेप लावायला नेऊन दिला होता. ही बोटं सत्तर वर्षांपूर्वी मोडलेली आहेत, हे त्यांनी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. लेप मात्र आठवडाभर लावला.

त्यांची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. एकोणिसाव्या वर्षी ते कौलांच्या कारखान्यातली नोकरी सोडून बेसबॉल खेळायला गेले आणि नऊ सीझन मोठ्या लीगमध्ये सेकंड बेसवर उभे राहिले. नुसते उभे राहिले असं ते म्हणत. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सेकंड बेस म्हणजे मैदानाच्या पोटातली जागा. बॅटला लागलेला बॉल तिथं जमिनीवरून सरपटत, खड्यांवर उडत, गोळीसारखा येतो. अंगानं ते बारके, बॅटिंग बेतास बात. टीमला ते हवे होते ते फक्त हातांसाठी. त्या काळचा ग्लव्ह म्हणजे जेमतेम तळवा झाकेल एवढी चामड्याची गादी. तिचंही तळव्यावरचं चामडं ते कात्रीनं कापून टाकत, बॉल हाताला कळला पाहिजे म्हणून. अडवायचा तो दोन्ही हातांनी. अजून एक रीत होती. आपल्या टीमची बॅटिंग आली की खेळाडू ग्लव्ह बरोबर नेत नसत. जिथं उभे असत तिथंच गवतावर टाकून जात, आणि परत आले की तिथूनच उचलत. "त्यामुळे कुणाला विचारावं लागत नसे," ते म्हणत. "ज्याचा ग्लव्ह जिथं पडलाय, ती त्याची जागा."

आणि मग तो एक बॉल. नवव्या सीझनच्या शेवटी, फार महत्त्वाच्या एका मॅचमध्ये, साधा सरळ बॉल त्यांच्या पायांमधून गेला. समोरच्या टीमच्या दोघांनी धाव पूर्ण केली, टीम हरली. पेपरात त्यांचं व्यंगचित्र आलं, पायांच्या मधून आगगाडी जाताना. पुढच्या वसंतात मॅनेजर म्हणाला, तू आता आउटफिल्डमध्ये जा, लांब. आजोबा सेकंड बेसपाशी गेले, ग्लव्ह काढून गवतावर ठेवला आणि मैदानाबाहेर पडले ते थेट स्टेशनवर. त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. मैदान राखणाऱ्या माणसानं तो ग्लव्ह महिन्यांनी पोस्टानं घरी पाठवला.

"बरं केलंत!" मी म्हटलं होतं. मला वाटलं ते हसतील.

"अर्धं बरं केलं," ते म्हणाले. "ग्लव्ह ठेवला ते बरोबर. निघून गेलो ते चूक. तिथं परत जाऊन उभं राहायचं होतं. मग त्यांनी मला उचलून नेलं असतं, तर ते त्यांचं काम." त्यांचं इंग्रजी मी मराठीत लिहिते आहे, पण हे वाक्य माझ्या डोक्यात किती तरी वर्षं मराठीतच आहे.

त्यांनी मला त्यांच्या खडीच्या ड्राइव्हवेत शिकवलं. पहिला महिना ग्लव्हशिवाय. ते खुर्चीत बसून बॉल सरपटत सोडायचे, तो खड्यावर आपटून कुठंही उडायचा, आणि मला नडग्यांवर एकेक निळा डाग मिळायचा. "हात जमिनीला लावून ठेव. वरून खाली यायला वेळ लागतो, खालून वर यायला नाही." मला ते जमेना. मी बॉलवर झडप घालायचे. एकदा संध्याकाळी ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर थांबले. आत आई पोळ्या करत होती, आणि नेहमीप्रमाणे तव्यावरची पोळी नुसत्या बोटांनी उलटत होती. पकडायची घाई नाही, चटका बसायच्या आत सोडून मोकळी. ते बराच वेळ बघत राहिले. "ते बघ," ते म्हणाले. "तुझ्या आईचे हात इनफिल्डरचे आहेत, जवळ उभं राहून बॉल अडवणाऱ्याचे. तू आहेस मासे पकडणारी."

मी घरात जाऊन आईला सांगितलं. "काहीतरीच!" ती म्हणाली. "मी काय आता चेंडू झेलू?" पण त्या रात्री जेवताना तिनं दोनदा आपले हात उलटेपालटे करून पाहिले, हे मी पाहिलं. आणि दुसऱ्या दिवसापासून मी तव्याशी उभी राहून पोळ्या उलटायला लागले. आईला वाटलं, पोरीला अक्कल आली.

ग्लव्हला तेल लावावं लागतं, नाहीतर चामडं तडकतं. आजोबांच्या काळी ते तंबाखू चघळून त्याचा रस त्यावर थुंकत. मला ती सोय नव्हती, म्हणून मी आईच्या बाटलीतलं खोबरेल तेल चोरून लावत असे. मिशिगनच्या थंडीत ते गोठून मेणासारखं व्हायचं, मग तळहातावर चोळून पातळ करायचं. माझ्या ग्लव्हला आईच्या केसांचा वास यायचा. टीममधली मुलं नाक धरून हसायची. मी त्यांना तो मुद्दाम हुंगायला द्यायचे.

टीम मुलांची. मुलींना त्यात खेळायची परवानगी नुकतीच मिळाली होती, आणि ती दिल्याचा पश्चात्ताप कोच रिकच्या तोंडावर रोज दिसायचा. आमच्या शर्टावर मोटारींचे सायलेन्सर दुरुस्त करणाऱ्या दुकानाचं नाव होतं. माझं नाव ललिता, पण कोच मला 'लॉली' म्हणायचा. मी 'लॉली'ला ओ देत नसे. तो तीनदा हाक मारायचा, मग "ए, तू!" म्हणायचा, मग मी वळायचे. जागा मला एकच, राइट फील्ड, मैदानाचा लांबचा उजवा कोपरा. त्या वयात तिकडे बॉल जातच नाही. मी पूर्ण उन्हाळा तिथं उभी राहून पिवळी रानफुलं मोजली.

ऑक्टोबरात मात्र सेकंड बेसवरचा मुलगा गालगुंडांनी आजारी पडला. दुसरं कुणी नव्हतं. कोच म्हणाला, "शनिवारी तू. एकदा बघू." मी घरी धावत आले, आणि माझी चूक अशी की हे मी बाबांना सांगितलं, आजोबांना सांगितलं, आईला सांगितलं नाही. तिला त्यात काय, असं मला वाटलं.

तो शनिवार दसऱ्याचा. मी सकाळी आंघोळ करून खाली आले. नळाला रात्रभर टांगलेला चक्का उतरवून आई श्रीखंड घोटत होती, घरभर वेलदोड्याचा वास. पाटावर पूजा मांडलेली. पाटीवर काढलेली सरस्वती, माझी पुस्तकं, बाबांचा हिशेबाचा स्लाइड रूल, नागपूरहून सुटकेसमधून आणलेली विळी, शिवणाची कात्री. थंडीनं मरू नयेत म्हणून आईनं कुंड्यांसकट घरात आणलेल्या झेंडूची फुलं. गाडीची किल्ली तेवढी बाबांनी हळूच खिशात ठेवली होती, कारण पूजेत ठेवलेल्या वस्तूला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावत नाहीत. आणि विळीच्या शेजारी, स्वच्छ पुसलेला, हळद-कुंकू वाहिलेला, मधोमध एक फूल ठेवलेला माझा ग्लव्ह.

मी बघतच राहिले.

"अशी काय बघून राहिली?" आई म्हणाली. "जे रोज हाताला लागतं ते पूजेत ठेवायचं असतं. तुझ्या हाताला रोज काय लागतं? पुस्तक तर नाहीच."

"आई, आज मॅच आहे."

तिचा हात श्रीखंडात थांबला. "आज? तुमचं तर रविवारी असते ना?"

"आज आहे. आज मी सेकंड बेसवर आहे."

ती पाटाकडे बघत राहिली, मग बारीक आवाजात म्हणाली, "मग घे काढून. देवाला कळते." आणि तिचा चेहरा उतरला.

मी ग्लव्ह उचलू शकले असते. आजवर अनेकांनी मला सांगितलंय की तोच शहाणपणा होता. पण दोन वर्षं जी त्याला कातडं म्हणाली, जिनं त्याला फावड्याशेजारी टांगलं, तिनं तो स्वतः खिळ्यावरून काढून, पुसून, देवासमोर ठेवला होता. मला तिचा फार अभिमान वाटला. "राहू दे," मी म्हटलं. "मी बघते काय ते." आणि रिकाम्या हातांनी बाहेर पडले.

आजोबा पोर्चवर होते. "ग्लव्ह कुठंय?"

"त्याची पूजा चाललीय," मी म्हटलं, आणि जमेल तसं समजावून सांगितलं.

"नऊ वर्षांत माझ्या ग्लव्हला लोकांनी शिव्या घातल्या," ते म्हणाले. "पूजा कुणी केली नाही." मग कठडा धरून उठले, तळघरात गेले, फार वेळानं वर आले. हातात ती गादी होती. काळी पडलेली, चपटी, तळव्याला भोक. त्यांनी ती माझ्या हातात घातली आणि मनगटाचं बटण आपल्या वाकड्या बोटांनी लावून दिलं.

मैदानावर ती पाहून मुलं गडगडून हसली. कोच म्हणाला, "हे काय आणलंस? जा, राइट फील्डला जा." मी म्हटलं, "तुम्ही सेकंड बेस म्हणालात." त्यानं अंपायरला बोलावलं. अंपायरनं ग्लव्ह उलटून पाहिला आणि खांदे उडवले. ग्लव्ह किती मोठा चालतो हे नियमात होतं, किती लहान याबद्दल काही नव्हतं. मी सेकंड बेसवर जाऊन उभी राहिले. तिसऱ्याच बॅटरचा बॉल सरपटत आला, खड्याला लागून उडाला. मी हात जमिनीला लावले होते, दोन्ही. त्या भोकातून बॉल थेट कातडीवर लागला आणि डोळ्यांत पाणी आलं, पण तो हातात होता. फेकला. आउट. तिसरा आउट, म्हणून इनिंग संपली.

बाकाकडे येताना कोच म्हणाला, "छान. आता पुढच्या इनिंगला टॉड सेकंडवर. त्याचे वडील आलेत बघायला. तू राइटला जा, लॉली."

मी वळले. परत सेकंड बेसपाशी गेले, बटण काढलं, ग्लव्ह मी उभी होते तिथं जमिनीवर ठेवला आणि येऊन बाकावर बसले. दुसरी टीम फील्डिंगला आली तर हे मध्ये पडलेलं. अंपायर ओरडला, "कुणाचं आहे? उचला!" मी म्हटलं, "माझं आहे. ती माझी जागा आहे." कोच लाल झाला. "आत्ता उचल, नाहीतर घरी जा." मी म्हटलं, "घरी जाणार नाही. उचलणारही नाही." अंपायरनं उसासा टाकला, तिकडे गेला, आणि तो ग्लव्ह बाजूला सारायला बुटाचं टोक पुढे केलं.

"पाय नको!"

सगळं मैदान वळलं. त्या दिवशी गावात फुटबॉलची मॅच होती, रस्ते तुंबलेले, त्यामुळे आईबाबा नुकतेच पोचले होते. हिरवी रेशमी साडी, वर बाबांचा हिवाळी कोट, पायांत स्नीकर्स, हातात श्रीखंडाचा डबा. तिनं डबा बाबांकडे दिला आणि सरळ मैदानात चालत आली. "नो लेग! नो लेग!" तिला अडवायचं कुणाला सुचलं नाही. अंपायरचा बूट तसाच हवेत. आईनं खाली वाकून गाईच्या चामड्याची ती काळी गादी दोन्ही हातांनी उचलली, पदरानं तिची माती पुसली, आणि डोळ्यांना लावली. मग अंपायरला मराठीत म्हणाली, "दसरा आहे आज. आजच्या दिवशी कोणाच्या हत्याराला पाय लावत नाहीत. लहानपणी शिकवलं नाही का तुम्हाला?"

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काय म्हणतायत त्या?"

मी उभी राहिले. "ती म्हणतेय, दुसऱ्याच्या कामाच्या वस्तूला पाय लावायचा नसतो," मी म्हटलं. "आणि ती म्हणतेय की सेकंड बेसवर मीच खेळणार."

दुसरं वाक्य आईनं म्हटलं नव्हतं. तेवढं इंग्रजी तिला नक्की कळत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. आता ही मला सगळ्यांसमोर खोटं पाडणार, असं मला वाटलं. तिनं ग्लव्ह माझ्या हातात दिला, कोचकडे वळली आणि ठासून म्हणाली, "यस. शी प्ले सेकंड."

कुंपणापाशी आईबाबांच्या गाडीतून आलेले आजोबा उभे होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढली होती. टॉड राइट फील्डला गेला.

मॅच आम्ही हरलो. पाचव्या इनिंगला साधा सरळ बॉल माझ्या पायांमधून गेला, अगदी आजोबांच्या वेळेसारखा. मी रडत आजोबांकडे ग्लव्ह परत द्यायला गेले. "गेला का? जाऊ दे," ते म्हणाले. "त्यानंतर तू तिथंच उभी होतीस ना?" होते. संध्याकाळी आईनं त्यांच्याच अंगणातल्या झाडाचं पान त्यांच्या हातावर ठेवलं, आणि आपट्याऐवजी हे, पण सोनं म्हणून घ्या, हे मला इंग्रजीत सांगायला लावलं. ग्लव्ह त्यांनी परत घेतला नाही.

दोन हिवाळ्यांनी ते गेले. पेपरात चार ओळी आल्या, त्यातल्या दोन त्या एका बॉलच्या. नऊ वर्षं त्यांनी जे हजारो बॉल अडवले त्यांच्याबद्दल अक्षर नाही. मला तेव्हा फार राग आला होता आणि अजूनही येतो. ज्यांना त्यांचा तो एकच बॉल आठवतो त्यांनी ही पानं वाचावीत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पूजेतला माझा ग्लव्ह काढून मला दिला. कुंकू खोबरेलात मिसळून चामड्यात मुरलं होतं, तळव्यावर मोठा लाल डाग, तो पुढं कधीच गेला नाही. खिळ्यावरही तो परत गेला नाही, माझ्या पुस्तकांच्या शेल्फवर राहिला. पुढच्या मॅचला कोचनं यादी वाचली. यादीत सेकंड बेसपाशी आला, थोडा थांबला, आणि म्हणाला, "ललिता." मी लगेच ओ दिली. जाता जाता त्याचं लक्ष माझ्या ग्लव्हकडे गेलं.

"हे काय," तो म्हणाला, "रक्त आहे का?"

मी म्हटलं, "हो."